एक परस पाणी

वाघमारे काका भाजी आणायला निघतात तेव्हा त्यांच्या पिशवीत आधीच एक किलो असतं. भाजी नव्हे, सरकारी शिक्क्याचं, पितळेचं, एक किलोचं वजन. बाजारात पोचल्यावर ते आधी तराजू बघतात, भाजी नंतर. पिशवीतून वजन काढायचं, पारड्यात ठेवायचं, आकडा बघायचा आणि मग म्हणायचं, "ठीक आहे. दे आता अर्धा किलो भेंडी." आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली त्यांना लांबून बघूनच हात जोडते. "काका, दोन बटाटे वरून घ्या, पण ते पिशवीतलं धन काढू नका!" काका ते दोन बटाटे परत ठेवतात. जास्त दिलेलं मापसुद्धा त्यांच्या लेखी चुकीचंच.

काका वजन-मापे खात्यात निरीक्षक होते. काटा मारणारे दुकानदार त्यांची जीप दिसली की जेवणाचं निमित्त काढून शटर खाली ओढायचे, असं ते स्वतःच अभिमानानं सांगतात. खात्यानं त्यांना निवृत्त केलं, पण ही बातमी काकांपर्यंत अजून नीट पोचलेली नाही. त्यांची दोन वाक्यं आमच्या सोसायटीत लहान पोरांनाही पाठ आहेत. एक, "माप म्हणजे माप." आणि दुसरं, "अंदाज म्हणजे आळस." फूट आणि इंच हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. मी एकदा बोलता बोलता म्हणालो, माझी उंची पाच फूट आठ इंच. काका शांतपणे म्हणाले, "मग कायद्यानं तुला उंचीच नाही."

मी निखिल. येरवड्याच्या ह्या सोसायटीत काकांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीला, नोकरीला जातो. कंपनीत माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या. लग्न ठरताना हे ऐकून माझे सासरे म्हणाले होते, "पुण्यात हे काम सगळे फुकट करतात. तुम्हाला पगार कसा काय मिळतो?" त्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. शिवाय 'आयटीत आहे' म्हटल्यावर सोसायटीचा असा समज झाला की ज्या वस्तूला वायर आहे ती मला दुरुस्त करता येते. मिक्सर, गीझर, कुणाच्या तरी सासऱ्यांचं कानातलं यंत्र, सगळं माझ्या दारात येतं. मला यातलं काही कळत नाही, हे सांगायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

तर बोट.

निवृत्तीनंतर काकांनी बोट घेतली. पांढरी, फायबरची, चार माणसांची, दोन वल्ही आणि मागे बॅटरीवर चालणारी छोटी मोटर. चाकांच्या गाड्यावर बसून ती सोसायटीच्या फाटकातून आत आली, तेव्हा आमचे सेक्रेटरी गोखले पाठीमागे हात बांधून उभे होते. "वाघमारे, ह्याची पीयूसी आहे का?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "ही धूर सोडत नाही. तुम्ही सोडता. तुमची काढून घ्या." गोखल्यांनी सिगारेट विझवली आणि विषय तिथंच संपला. काकांनी जागा आधीच मोजलेली असल्यामुळे बोट त्यांच्या पार्किंगच्या पट्ट्यात अशी चपखल बसली की दोन्हीकडे सारखी बोटभर जागा उरली. त्यांची स्वतःची जीप मात्र तेव्हापासून बाहेर रस्त्यावर उभी राहते.

पण दोन वर्षं झाली तरी त्या बोटीला पाणी माहीत नव्हतं. शेजारची गाडी धुताना उडायचं, तेवढंच. रविवारी सकाळी काका तिच्यात बसून पेपर वाचायचे. कधी लाइफ जॅकेट घालून बसायचे; का विचारलं तर म्हणायचे, सवय पाहिजे. ऑफिसात मी ह्या बोटीवर कितीतरी विनोद सांगितले आणि चहा मिळवला. शेवटी एकदा मी त्यांना विचारलंच, "काका, पाण्यात का नेत नाही?"

"ही येत नाही."

"मग एकटे जाऊन या की."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "बोट दोघांसाठी घेतली आहे," एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला.

'ही' म्हणजे काकू. काकू मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या. अपघात, रक्त, आरडाओरडा, कशानं म्हणून ती बाई हलली नाही. निवृत्त झाल्या, पण त्यांच्या दाराची बेल काही निवृत्त झाली नाही. कुणाला बीपी तपासायचं, कुणाला इंजेक्शन टोचून घ्यायचं, कुणाचं पोर रात्रभर खोकलंय. तिसऱ्या मजल्यावर एक एमबीबीएस डॉक्टर राहतात, पण त्यांच्याकडेसुद्धा लोक काकूंनी 'जा' म्हटल्यावरच जातात. अशा काकूंना भीती एकाच गोष्टीची, पाण्याची. सोलापूरकडच्या त्यांच्या माहेरी नऊ परस खोल विहीर होती. तिच्यात पडलेली कळशी कधी वर आली नाही, हे त्यांनी लहानपणी बघितलं होतं.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. (बीपी बघून घ्यायला गेलो होतो, चहा आपोआप आला.) काकांनी पुन्हा बोटीचा विषय काढला. काकू म्हणाल्या, "येते. पण खाली पाणी किती आहे ते मला समोर दिसलं पाहिजे. एक परसाच्या वर गेलं की मी उतरणार."

"परस म्हणजे किती मीटर?" काकांनी विचारलं.

"परस म्हणजे उभा पुरुष. घरात एकच आहे, तुम्ही. भिंतीला लागून उभे राहा."

काका खरोखर उभे राहिले. मी टेप धरला. एक पूर्णांक अडुसष्ट मीटर.

"एवढंच का पण?" मी विचारलं.

"बोट बुडाली तर ह्यांच्या खांद्यावर चढून उभी राहता येईल मला," काकू म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

दुसऱ्याच दिवशी काकांनी मुंबईहून पाण्याची खोली मोजायचं यंत्र मागवलं. यंत्राचे दोन भाग. एक छोटा पडदा, तो आपल्यासमोर बसवायचा. दुसरा साबणाच्या वडीएवढा सेन्सर, तो बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून, पाण्याखाली राहील असा लावायचा. हा सेन्सर तळाकडे आवाज सोडतो, तो परत यायला किती वेळ लागला ते ऐकतो आणि पडद्यावर आकडा दाखवतो. दोन्हींच्या मध्ये एक लांबलचक वायर. आणि वायर आहे म्हटल्यावर काकांनी मला हाक मारली.

आता बोट ही अशी वस्तू आहे की तिला भोक नसणं हाच तिचा मुख्य गुण. त्या बोटीला आम्ही रविवारी सकाळी ड्रिल घेऊन भोकं पाडायला बसलो. काकांनी पाणसळ लावून बोट समपातळीत आणली, चार वेळा मोजून पेन्सिलीनं दोन बारीक खुणा केल्या आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. मी आत्मविश्वासानं पहिलं भोक पाडलं. काकांनी वाकून बघितलं. "अकरा मिलिमीटर डावीकडे," ते म्हणाले. एवढ्यात बाल्कनीतून काकूंनी विचारलं, "पडली का भोकं?"

"पडताहेत!" काका ओरडले. "पाहिजेत त्यापेक्षा एक जास्तच होईल!"

ते भोक आम्ही सीलंटनं बुजवलं. बाकीची काकांनी स्वतः पाडली. सेन्सर बसला, पडदा बसला, बॅटरी जोडली. काका चहा सांगायला वर गेले. मी एकटाच उरलो आणि मला ती वायर दिसली. बोट एवढीशी आणि वायरीचं भेंडोळं हे एवढं. म्हटलं, काका इतके नीटनेटके, त्यांना हा पसारा आवडायचा नाही. मी पक्कड घेतली, जास्तीची वायर कापून टाकली, टोकं पिळून जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि केलेल्या कामाकडे लांबून बघत उभा राहिलो.

काका खाली आले. त्यांच्या हातात यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका होती. ती त्यांनी आदल्या रात्री दोनदा वाचली होती. मी एकदाही वाचली नव्हती. त्यात चौकटीत, ठळक अक्षरांत, एकच वाक्य होतं: वायर कोणत्याही परिस्थितीत कापू नये.

पडद्यावर आकड्याच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या होत्या. आम्ही बोटीचा मागचा भाग पाण्याच्या टाकीत धरण्यापर्यंत सगळे उपाय केले. रेघा हलल्या नाहीत. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती कापलीस?"

"अंदाजे..." मी म्हणालो आणि तिथंच थांबलो.

नवा सेन्सर यायला तीन आठवडे लागणार होते. आणि काकूंनी तर येता रविवार नक्की केला होता. "ह्या रविवारी येते," त्या म्हणाल्या होत्या, "पुढं ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मी महिनाभर तिकडं. परत आल्यावर मला पुन्हा हिंमत होईल का, ते सांगता येत नाही." दोन वर्षांनी मिळालेला होकार माझ्या पकडीखाली आला होता. तो आठवडा मी जिना चढताना काकांच्या दारावरून चोरपावलांनी जात होतो.

शुक्रवारी त्यांनीच मला जिन्यात गाठलं. "यंत्र चालू झालं."

"कसं काय?"

"झालं."

काकांच्या तोंडी एकही आकडा नसलेलं उत्तर! टेस्टिंगचा पगार घेणाऱ्या माणसाला इथंच शंका यायला हवी होती. मला वाटलं, वायर डाग देऊन जोडली असेल. पडद्याच्या एका कोपऱ्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता. तो कशाला, विचारलं तर म्हणाले, "ऊन चमकतं." मी मान डोलावली.

रविवारी पहाटे जीपला बोट जोडून आम्ही निघालो. आम्ही, म्हणजे काका, काकू आणि मी. यंत्राकडे कुणीतरी बघायला नको का, असं म्हणून मीच स्वतःला आमंत्रण दिलं होतं. फाटकाशी वॉचमन नारळ घेऊन उभा. काकांनी नारळ घेतला, त्याचे आभार मानले आणि फोडायला म्हणून नव्हे, घरी खोबरं करायला म्हणून मागच्या सीटखाली ठेवला. धरणाच्या काठावर पोचल्यावर काकूंनी बोटीच्या टोकाशी पांढरी फुलं ठेवली. दोघांनी हात जोडून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. मग काकूंनी साडीवर लाइफ जॅकेट चढवलं, एक पाय बोटीत ठेवला आणि दुसरा जमिनीवरच ठेवून विचारलं, "किती?"

"एक पूर्णांक चार," काका म्हणाले.

काकूंनी दुसरा पाय उचलला.

मागे मोटरीपाशी काका, पुढे टोकाला काकू आणि मध्ये मी, यंत्र आणि बॅटरी. त्यांना एकमेकांशी बोलायचं असेल तर माझ्या डोक्यावरून बोलावं लागत होतं. बोट सुटली. काठ मागे गेला, पलीकडचा डोंगर जवळ आला. काकूंचे दोन्ही हात कडेला घट्ट. मध्येच त्यांनी विचारलं, "किती?" काका म्हणाले, "एक पूर्णांक तीन." आम्ही धरणाच्या पार मध्यावर होतो. मला हे जरा विचित्र वाटलं, पण विचित्र वाटलं की त्याचं शास्त्रीय कारण सांगून टाकायचं ही माझी सवय. मी काकूंना समजावलं, "गाळ, काकू. आपली धरणं गाळानं भरत चालली आहेत." काकूंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि "असेल," म्हणाल्या.

हळूहळू त्यांचा एक हात सुटला. मग त्यांनी बोटं पाण्यात बुडवली, काढली, पुन्हा बुडवली. मोटर बंद करून काका गप्प बसून होते. पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. इतकी शांतता होती की मला काहीतरी बोलायला हवं असं वाटलं. मी म्हणालो, "काकू, रोज दुपारनंतर मला फार ॲसिडिटी होते हो." मग दहा मिनिटं आम्ही माझ्या जठराविषयी बोललो. मी जीभही दाखवली. मागून काकांनी एक सुस्कारा सोडला. मला वाटलं, पाठ अवघडली असेल.

काठावर आल्यावर आम्ही बोट ओढून पुन्हा गाड्यावर चढवली. काका दोर बांधायला पुढे गेले. मी पडदा सोडवायला वाकलो आणि बघतो तर आकडा: एक पूर्णांक चार. बघता बघता एक पूर्णांक तीन झाला. बोट कोरड्या जमिनीवर, चाकांवर उभी. तिच्याखाली एक कुत्रं येऊन बसलेलं. माझा अंगठा लागून ती काळी चिकटपट्टी निघाली. तिच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'डेमो'. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला टीव्हीवर नुसतीच चित्रं फिरत ठेवतात ना, तसं हे यंत्र सकाळपासून मनचे आकडे फिरवत होतं. सेन्सर मेलेला तो मेलेलाच होता. चूक सापडली की मला आनंद होतो, तो लपत नाही. मी ओरडलो, "काका, ह्याच्यात तर..."

माझ्या दंडावर काकूंचा हात पडला. इंजेक्शन देताना पोरं हलू नयेत म्हणून धरतात, ती पकड. "निखिल," त्या म्हणाल्या, "ती पाण्याची बाटली दे बघू जरा." आणि दुसऱ्या हातानं त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं.

परतताना रस्त्यावरच्या टपरीवर थांबलो. कांदाभजी आली, चहा आला. काकांनी कशालाच हात लावला नाही. थोड्या वेळानं टेबलाकडे बघत ते म्हणाले, "अगं, माप खोटं होतं."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या.

"यंत्र बंद होतं. खाली किती पाणी होतं, मला माहीत नाही. मी..." पुढचा शब्द त्यांना सापडेना. जन्मभर ज्या गुन्ह्यासाठी दुसऱ्यांचे खटले भरले, तो गुन्हा स्वतःच्या नावावर सांगायची त्यांना सवय नव्हती.

"अहो, धरणाच्या मध्यावर तुमच्या छातीएवढंच पाणी असतं, तर एवढं पुणं काय प्यायलं असतं? ह्याला गाळ वाटला," काकूंनी माझ्याकडे न बघताच हात केला, "मला नाही. मला तर काठावरच कळलं. आकडा सांगताना तुमची मान खाली गेली. आजवर कधी गेली नव्हती."

"मग उतरली का नाहीस?"

"लहान पोराला टोचताना मीसुद्धा सुई पाठीमागे लपवली आहे. त्या पोरांचा काय माझ्यावर राग आहे?" काकूंनी भज्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्ही माझ्यासाठी खोटं माप लावलंत. तुम्ही! मग म्हटलं, आता भ्यायचं कशाला. पण एक सांगा, एवढा आटापिटा कशासाठी? मी काठावर बसून तुम्हाला बघितलं असतं की."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "तू रात्रपाळीवरून यायचीस तेव्हा मी दौऱ्यावर निघालेला असायचो," ते म्हणाले. "दारात किल्ली द्यायची नि निघायचं. म्हटलं, निवृत्त झालो की बसू निवांत. तर जेवताना बेल, चहाला बसलो की बेल. सगळ्यांचं तुझ्याकडे काम असतं. माझं काहीच काम नसतं, म्हणून माझा नंबर येत नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पाण्यावर बेल नसते."

 काकांच्या हातावर काकूंनी हात ठेवला आणि भर टपरीवर तो तसाच ठेवला. माझ्या हातातलं भजं अर्धवट राहिलं. मला माझी जीभ आठवली. धरणाच्या मध्यावर, त्या दोघांच्या मधोमध बसून, बाहेर काढलेली.

महिन्याभरानं काकू बहिणीकडून परत आल्या. तोवर नवा सेन्सर आला होता. तो काकांनी एकट्यानं बसवला. मला फक्त बॅटरी धरू दिली, तीसुद्धा दोन्ही हातांनी. "आता खरा आकडा दिसेल हं," त्यांनी काकूंना बजावलं. "दिसू दे," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी खाली जीपचा हॉर्न वाजला. मी उतरलो. काकू पुढच्या सीटवर बसलेल्या, मागे बोट जोडलेली. काका म्हणाले, "चल. बस मागं."

"नको काका. बोटीला तिघांचं वजन जास्त होतं."

"चार माणसांची आहे. तीनशे वीस किलोपर्यंत चालतं. पाटीवर लिहिलंय."

"माझं वजन वाढलंय."

काकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. दुधाच्या पिशवीत चमचाभर दूध कमी असलं तरी ती हातात घेऊन ओळखणारा माणूस. मी पोट थोडं पुढे काढून उभा राहिलो. जीपमध्ये काकू पदर तोंडाला लावून रस्त्याकडे बघत होत्या.

"हो," काका म्हणाले. "बरंच वाढलंय." आणि त्यांनी जीप सुरू केली.